ओवाळणीत घातलेली पॉलिसी

सुमनताई गेल्याचं मला औषधाच्या दुकानात कळलं. इस्पितळात शिल्लक नसलेलं एक इंजेक्शन आणायला मी समोरच्या रांगेत उभा होतो, पुढे तीन माणसं होती. वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. “काका, इंजेक्शन घेतलंत का? घेतलं नसेल तर राहू द्या… आणि या.” मी रांगेतून बाहेर पडलो आणि मागच्या गृहस्थांना पुढे व्हा म्हणालो. त्यांनी आभार मानले. याला आता सात आठवडे झाले. एवढ्या दिवसांत माणूस सावरतो असं म्हणतात. मी सावरलो की नाही ठाऊक नाही, पण लिहिण्याइतका शांत नक्की झालो आहे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, त्याचं कारण कुणी विचारलं तर “वेळ झाला नाही” एवढंच सांगायची. मार्केट यार्डाजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात तिने चौतीस वर्षं परिचारिका म्हणून काढली. तिथे येणारे बहुतेक हमाल. “ताई, कंबर लई धरलीय,” असं म्हणत एखादा आला की ती आधी त्याला बसवायची आणि मग किती वर्षं पोती उचलतोस, कधीपासून दुखतंय, आधी कुठली गोळी घेतलीस, हे सगळं विचारून कागदावर उतरवायची. डॉक्टर घाईत असत, ही नसे. मी मात्र विमा कंपनीत, आरोग्यविम्याच्या दावे विभागात होतो. म्हणजे तिने जे कागद जिवापाड नीट लिहिले, तसलेच कागद मी आयुष्यभर खोड काढण्यासाठी वाचले.

साहजिकच आमचं पटत नसे. माझं म्हणणं असं, की सरकारने कायदा करून प्रत्येकाला आरोग्यविमा सक्तीचा करावा, म्हणजे ज्याला जिथे उपचार घ्यायचे तिथे तो घेईल. ती म्हणायची, “सक्ती करायचीच असेल तर दवाखान्यात औषध ठेवायची करा. माझा हमाल हप्ता भरणार कधी आणि तुझा फॉर्म वाचणार कधी?” तिचा दवाखाना दुपारी बंद असतो, याची मी आठवण करून द्यायचो. माझ्या कंपनीचा फोन दिवसभर लागत नाही, याची ती. दर रविवारी हा वाद पोह्यांबरोबर सुरू व्हायचा आणि चहाला संपायचा. माझ्या बायकोने त्यात कधी भाग घेतला नाही. ती फक्त पोहे जास्त करायची.

ताई निवृत्त झाल्यावर मी एक डाव टाकला. आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी एक योजना निघाली होती. वैद्यकीय तपासणी नव्हती, फक्त फॉर्म होता. प्रस्तावक मी, त्यामुळे सहीही माझीच. भाऊबीज आठ दिवसांवर आली होती आणि भाऊबिजेची ओवाळणी कुठलीही बहीण परत करत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. फॉर्ममध्ये ‘पूर्वीचे आजार’ असा रकाना होता. ताईला रक्तदाब आहे हे मला माहीत होतं. ‘होय’ लिहिलं की फॉर्म वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो आणि तिथे पंधरा दिवस पडून राहतो, हेही माहीत होतं. मी ‘नाही’ लिहिलं. तिने ओवाळलं, मी तबकात लिफाफा ठेवला. तिने तो उघडून पाहिला आणि म्हणाली, “साडी परवडली असती.” पण ठेवून घेतला.

पॉलिसीचं तिसरं वर्ष चालू असताना एका सकाळी ताईच्या छातीत दुखायला लागलं. माझा मुलगा खराडीला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसजवळच्या मोठ्या खाजगी रुग्णालयात तिला नेलं. “कॅशलेस आहे ना बाबा, मग टेन्शन कशाला?” असं तो म्हणाला. तरुण डॉक्टरांनी ताईला विचारलं, “आजी, बीपी किती वर्षांपासून आहे?” मी मागून पटकन म्हणालो, “वर्षभर झालं असेल.” ताईने डोळे उघडले. “बारा वर्षं. पुढच्या महिन्यात तेरा होतील. याचं लिहू नका, हा घाबरलाय.” डॉक्टरांनी बारा लिहिलं. ते बाहेर गेल्यावर मी तिला म्हणालो, “ताई, काय केलंस कळतंय का तुला?” ती म्हणाली, “कळतंय. केसपेपर रोग्यासाठी असतो, अरुण. तुझ्या ऑफिससाठी नाही.”

दावा दुसऱ्याच दिवशी नामंजूर झाला. पत्र मराठीत होतं. ‘आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती बाळगून कळवावे लागते की…’ अशी सुरुवात होती. कंपनीची पत्रं मराठीत जायला लागली तेव्हा हा मसुदा मीच केला होता. ताईने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. “यात सहानुभूती कुणी घातली?” “मी.” “तुझं मराठी लहानपणापासून चांगलं,” ती म्हणाली आणि पत्र माझ्या हातात दिलं. आमच्या योजनेत जुना आजार सांगितला, तर तो दोन वर्षांनी पॉलिसीत धरला जायचा. मी खरं लिहिलं असतं तर त्या दिवशी तिचा सगळा इलाज तिथेच झाला असता. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवायचो. आठ दिवसांत लिफाफा हवा म्हणून मी तो बाजूला ठेवला. मला याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

घरचे पैसे घालू म्हणालो तर तिने ऐकलं नाही. “चौतीस वर्षं लोकांना जिथे पाठवलं, तिथे मला जायला काय झालं?” मग सरकारी इस्पितळात हलवलं. तिथलं अँजिओग्राफीचं यंत्र बंद होतं, दुरुस्तीला माणूस येणार येणार असं रोज सांगत होते. खाट संडासाजवळ होती. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. “हे बघ तुझं सार्वजनिक रुग्णालय,” मी म्हणालो. तिने बाजू सावरली नाही. “वाईटच आहे. तक्रार करायला येणारी माणसं विम्याची कार्डं घेऊन दुसरीकडे गेली. आता राहिलेत ते तक्रार करत नाहीत.” मग म्हणाली, “तू करशील. तुला कागद लिहिता येतो.” नवव्या दिवशी ती गेली. यंत्र त्यानंतर सुरू झालं असं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात मी रीतसर अर्ज करून तिच्या केसपेपरची प्रत घेतली. यंत्राबद्दलच्या तक्रारीला जोडायची होती. पहिल्याच पानावर शिकाऊ डॉक्टरच्या घाईच्या इंग्रजी अक्षरात तिने सांगितलेलं सगळं होतं. तारखा, गोळ्या, मात्रा, एकही चूक नाही. खाली कुटुंबातले आजार विचारले होते. वडील, हृदयविकार. आई, मधुमेह. आणि त्याखाली… धाकटा भाऊ, रक्तदाब, सहा वर्षं, गोळ्या नियमित घेत नाही.

हे मी माझ्या स्वतःच्या पॉलिसीत लिहिलेलं नाही. घरात फक्त बायकोला ठाऊक आहे असं मी समजत होतो. अशा एका ओळीवरून मी कितीतरी दावे फेटाळले आहेत, म्हणून ती ओळ मी सवयीने दोनदा वाचली. तक्रार दाखल केली, तेव्हा ते पान काढून ठेवलं नाही. माझा रक्तदाब कळवणारं पत्र कंपनीलाही लिहिलं आणि त्या पानाची एक प्रत सोबत जोडली. उत्तर अजून आलेलं नाही. गोळी मात्र रोज सकाळी घेतो.