आपल्यापैकी जो आधी जाईल

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता आई बोलायची. ती जाऊन महिने उलटले तरी बोलायची, आणि तिने एकदाही खाडा केला नाही. खाडा करायची इच्छा असायची ती आम्हाला.

आम्ही नागपूरला प्रताप नगरात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिथे तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, आणि ख्रिस्ती घर आमचं एकच. पप्पा नागपूरचेच, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कामाला. आई वसईची. मी बारा वर्षांची आणि धाकटी सात. पुढच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे लाल झिरोचा बल्ब, आणि त्या लाल उजेडात रोज सातला गुडघे टेकून रोझरी. माळेच्या एकेका मण्यावर एक 'नमो मारिया'. अर्धी प्रार्थना पुढारपण करणाऱ्याने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. पुढारपण आईकडे. पप्पांना तिने ते कधी दिलंच नाही. ते घाईघाईने उरकतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

माळ संपली की सुट्या प्रार्थना सुरू. आजाऱ्यांसाठी एक, मेलेल्यांसाठी एक, आणि सगळ्यांत शेवटी, आईच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे, "आता आपल्यापैकी जो सगळ्यांत आधी देवाघरी जाईल, त्याच्यासाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा'." तिच्या गावी घराघरांत हे म्हणत. तिच्या तोंडून रोज ऐकून मला त्यात काही विशेष वाटत नसे. उलट मी एक डोळा किलकिला करून बघायची की आधी जाण्यासारखं कोण दिसतंय. कोणीच दिसत नसे. सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाकडे असायचं.

मग आईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला ठरलं. आवाज राहील की नाही हे डॉक्टर सांगेनात, आणि आईला जिवापेक्षा रोझरीची काळजी. "मी नसले की तुम्ही तिघं दांडी मारणार," असं म्हणून तिने मामाने कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, आम्हाला बाहेर पिटाळलं आणि कोरी कॅसेट घालून एकटीने अख्खी रोझरी म्हटली. तिचा अर्धा भाग म्हणायची आणि आमच्या अर्ध्या भागासाठी तेवढा वेळ गप्प बसायची. दाराबाहेर पायरीवर बसून मी ते ऐकत होते. आत ती आमच्यासाठी थांबत होती आणि आम्ही तिथे नव्हतो. त्या थांबण्याने मला तेव्हाच कसंतरी झालं होतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आई गेली. आधी जाणाऱ्या ज्या कोणासाठी ती रोज प्रार्थना सांगायची, ती तीच निघाली.

पप्पांनी महिनाभर काही केलं नाही. मग एका संध्याकाळी सातला त्यांनी लाल बल्ब लावला, कॅसेट घातली आणि गुडघ्यांवर बसले. आम्हीही बसलो. आईने खाकरून सुरुवात केली.

जिवंत असताना आई आमच्यासाठी थांबायची. धाकटी अडखळली तर तिला सावरून घ्यायची. टेपमधली आई थांबत नव्हती. तिने ठरवून दिलेल्या वेळात आमचं संपलं नाही तर ती आमच्यावरून बोलत पुढे जायची, आणि आम्ही धापा टाकत तिच्या मागे. लवकर संपलं तर उरलेल्या जागेत तिचा श्वास ऐकू यायचा, टेबलावर मणी टेकल्याचा बारीकसा टक् आवाज यायचा. तिसऱ्या दशकाच्या, म्हणजे माळेतल्या तिसऱ्या दहा मण्यांच्या, मध्यावर ती एकदम म्हणायची, "धाकटे, झोपू नकोस." तिला माहीत होतं ना, धाकटी नेमकी तिथेच पेंगायची ते. आणि धाकटी खरंच पेंगत असायची. दचकून डोळे उघडायची आणि तसबिरीकडे बघत बसायची. एकदा वीज गेली म्हणून सेल घातले. सेल उतरलेले होते. आईचा आवाज हळूहळू जड होत गेला, पुरुषासारखा झाला, आणि त्या आवाजात ती शेवटची प्रार्थना मागू लागली. मी उठून टेप बंद केला. पप्पांनी मला रागावायला हवं होतं, पण त्यांनी नुसते सेल काढून बाजूला ठेवले.

घरमालकीण काकू भिंतीपलीकडे राहायच्या. एक दिवस नळावर त्यांनी मला गाठलं. "काहून वं पोरी, तुझी माय रोज बोलून राहिली त्या डब्ब्यातून. तेरवी होऊन गेली न तिची? आता जाऊ द्या गा तिले, म्हणून सांग तुझ्या बापाले." मी घरी हा निरोप दिलाच नाही. पण अंगणात खेळायला येणारी पोरं सात वाजायच्या आत पळू लागली हे मला दिसत होतं.

मला पोरांसारखी भुताची भीती नव्हती. मला त्या शेवटच्या वाक्याची भीती होती. आईने ते म्हटलं तेव्हा आम्ही चौघं होतो आणि तिचा नंबर लागला. पण वाक्य थांबलं नव्हतं. रोज सात वाजून पंचवीस मिनिटांनी ती पुन्हा विचारत होती, आणि आता आम्ही तिघंच उरलो होतो. मी पुन्हा एक डोळा किलकिला करून बघू लागले. या वेळी गंमत म्हणून नाही.

ऑक्टोबरात पप्पांना कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. काकू रोज मुळ्याच्या पानांचा रस घेऊन यायच्या, पप्पा तो ओकून टाकायचे. गुडघ्यांवर बसणं जमेना, तेव्हा खाट मधल्या दाराशी ओढून ते पडल्या पडल्या उत्तरं देऊ लागले. ऑक्टोबर तर रोझरीचाच महिना, टेप चुकवायची सोय नव्हती. आणि आई रोज त्यांच्या उशाशी म्हणायची, जो सगळ्यांत आधी जाईल. मला आईचा भयंकर राग आला. तुला एकटीला करमत नाही म्हणून आमचे पप्पा नेतेस काय, असं मी तसबिरीसमोर उभी राहून मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी शाळेत होती, पप्पांचा डोळा लागला होता. मी टेपरेकॉर्डर पुढच्या खोलीत जमिनीवर घेतला, आवाज अगदी बारीक केला आणि ती जागा शोधली. "आता" हा शब्द आला आणि मी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं. वाक्य पुसायचं, एवढंच मला ठाऊक होतं. यंत्र पुसता पुसता खोलीतलं सगळं ऐकून घेतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी श्वास रोखून मनात आकडे मोजत होते तेवढ्यात खाटेवरून पप्पांनी हाक मारली. मी टेप थांबवला, धावत गेले, पाणी दिलं. काम झालं म्हणून मला इतकं हलकं वाटलं की मी काकूंकडे जाऊन भाकर खाऊन आले.

संध्याकाळी सातला बल्ब लागला. दशकं झाली, धाकटीला जागं करून झालं, आजारी झाले, मेलेले झाले.

"आता," आई म्हणाली.

मग पंख्याची घरघर. लांब एक कावळा. आणि त्या घरघरीतून पप्पांचा आवाज, खोल गेलेला, "पाणी दे वं, बाई."

आणि लगेच आई, शांतपणे, "हे आमच्या स्वर्गातील बापा..."

मी थिजले. मी पुसायला गेले होते आणि माझ्याच हाताने उत्तर भरून बसले होते. रोज कोण, कोण, असं विचारणाऱ्या आईला मी पप्पांचा आवाज दिला होता, आणि ती त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली होती. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. मग खाटेवरून उरलेली अर्धी प्रार्थना ऐकू आली. पप्पा एकटेच म्हणत होते, घाई न करता, आई म्हणायची तशी.

टेप संपल्यावर मी हमसून रडले आणि सगळं सांगून टाकलं. काय पुसलं, का पुसलं, आईला मनात काय बोलले. धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"काहून रडते वं?" पप्पा म्हणाले. "मी तर रोज त्या जागी मनात 'मी' म्हणून राहिलो. तुमच्या दोघींचा नंबर नाही लागला पायजे न. म्हणून तिनं विचारलं का मी म्हणतो, मी." मग कूस वळवून म्हणाले, "तुझी मायही म्हणत असंल. तिनं माझ्या आधी म्हटलं असंल."

त्या आजारातून पप्पा उठले. पुढे सहा वर्षं जगले, आणि आम्हा दोघींच्या आधी गेले, मागितलं होतं तसंच.

कॅसेट मी जपून ठेवली. धाकटीच्या मुलाने ती मोबाईलवर उतरवून घेतली. आता दर रविवारी सातला धाकटी पुण्याहून आणि मी इथून, नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरातून, फोनच्या पडद्यावर समोरासमोर बसतो आणि तो भाचा आईची रोझरी लावतो. सगळे एकदम बोलले की आवाज फाटतो, म्हणून आपापला माईक बंद ठेवायचा असा त्याचा नियम आहे. त्यामुळे आई बोलते आणि उत्तराच्या जागी काहीच ऐकू येत नाही. पायरीवर बसून ऐकली होती तशीच ती शांतता. चौकटीत धाकटीचे ओठ तेवढे हलताना दिसतात.

आई "आता" म्हणते, कावळा ओरडतो, पप्पा पाणी मागतात. तिथे मी डोळे मिटून 'मी' म्हणते. वर्षानुवर्षं म्हणत आले आहे, धाकटी पाच वर्षांनी लहान आहे, नंबर माझाच आहे. पण गेल्या रविवारी मी डोळे मिटायला विसरले. पप्पांनी पाणी मागायच्याही आधी धाकटीचे ओठ, 'मी' म्हणायला मिटावेत तसे, एकदा मिटले आणि उघडले.