चिरगाँवला नेलेला शब्द

विभागात रुजू झाले त्या दिवशी मी पेढ्यांचा डबा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. अभ्यंकर बाईंच्या दारात उभी राहून म्हणाले, "मला इथलं कार्यालय अधीक्षकाचं पद मिळालं." घट्ट अंबाडा, खांद्यावर झोळी आणि दातांत पेन्सिल. त्यांनी पेन्सिल काढली, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "ते मिळालं. केलंस काय?"

सकाळपासून मी एकच काम केलं होतं. कपाटांच्या किल्ल्यांचा एक मोठा जुडगा होता, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक किल्लीला नावाची चिठ्ठी बांधली होती. तसं सांगितलं. बाई एकदम खूश झाल्या. दुपारी विंड टनेलच्या, म्हणजे पंखांवर वारा सोडून बघायच्या बोगद्याच्या, बाहेरच्या फळ्यावर बातमी लागली: "वैशाली जी ने सब चाबियों को नाम दिए। अब ताला तोड़ना मना है।" लोकांना माझं नाव त्या चिठ्ठीमुळे कळलं, पेढ्यांमुळे नाही.

झाशीतल्या आमच्या विद्यापीठाच्या एरोस्पेस विभागात, म्हणजे विमानं आणि अग्निबाण शिकवतात तिथे, मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. बाईंचं घराणं पेशव्यांच्या काळात कारभारासाठी इकडे आलेलं. राहायला ओरछा गेटजवळ. त्यांच्या बोलण्यात 'बरीक', 'फिरून' असे जुन्या वळणाचे शब्द सहज यायचे, आणि माझ्या प्रत्येक वाक्यात हिंदी. त्यावर त्यांचा टोमणा ठरलेला: "तुझं मराठी बरीक भुसावळहून निघालं खरं, पण झाशीच्या अलीकडे बीना जंक्शनलाच उतरलं."

बाई हवा शिकवायच्या. पंखावरून हवा कशी वाहते, विमान कशानं उचललं जातं, हा त्यांचा विषय. पण विभागात त्यांना ओळखत ते त्या फळ्यामुळे. दर सोमवारी पेपरमिंटच्या जुन्या डबीत टाचण्या घेऊन त्या व्हरांड्यातून निघत. नमस्कार नाही, कसे आहात नाही, दारात डोकं घालून एकच शब्द, "बातमी?" हिंदीवाल्यांना, "हाँ जी, ख़बर?" कोणी म्हणालं, पुरस्कार मिळाला, निवड झाली, की त्या म्हणत, "मिळालं ते सांगू नकोस, केलं ते सांग." फळ्यावर 'मिळालं' हे क्रियापद चालत नसे. बातमी कुलगुरूंची असली तरी.

आमचा एक जुना विद्यार्थी, अनिल, उपग्रहांच्या कामावर निवडला गेला, तेव्हा विभागप्रमुखांनी कौतुकाचा मोठा मसुदा पाठवला. बाईंनी तो बाजूला ठेवून अनिललाच फोन लावला. "बेटा, सुबह जाकर करते क्या हो?" तो बिचारा आधी मोठमोठी नावं सांगत राहिला. शेवटी फळ्यावर लागलं: "अनिल रॉकेट की ईंधन-नली का वाल्व जाँचता है, कि वह समय पर बंद हो।" काही दिवसांनी अनिलची आई शहरातल्या लक्ष्मी ताल भागातून रिक्षा करून आली, चिठ्ठीचा फोटो काढून घेतला आणि मला म्हणाली, "आज समझ में आया लड़का करता क्या है। हम तो मुहल्ले में वैज्ञानिक-वैज्ञानिक कहकर काम चला रहे थे।"

याच फळ्यानं एकदा घोटाळा केला.

शेवटच्या वर्षाला रश्मि नावाची मुलगी होती. चिरगाँवहून रोज बसनं यायची. तिच्या गटानं ओझं घेऊन उडणारं छोटं विमान बनवलं होतं, आणि पंखाची सगळी आखणी तिची. स्पर्धेच्या मैदानावर विमान धावलं, उचललं गेलं, छान वर चढलं. वळताना एक पंख कलला आणि ते शेजारच्या मटारच्या शेतात जाऊन पडलं. मुलं तुकडे पोत्यात भरून परत आली. रश्मि कोणाशी बोलेना.

पडण्याचं बाईंना कधीच काही वाटत नसे. "पडायला आधी वर जावं लागतं," त्या म्हणायच्या, "बाकीच्यांची विमानं अजून टेबलावरच आहेत." एरवी बातमीच्या शेवटी त्या 'शाबाश' लिहीत. त्या सोमवारी त्यांना शाबाश कोरडं वाटलं. जिव्हाळ्याचं काही लिहावं म्हणून त्यांनी घरातला शब्द वापरला: "रश्मि का विमान अपने बल पर ज़मीन से उठा। रश्मि का बहुत-बहुत कौतुक।"

मीही ते वाचलं आणि छान वाटून पुढे गेले. आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही, की ते वाचणारे बाकी सगळे हिंदीत वाचत होते. दुपारपर्यंत एका टवाळ पोरानं डब्यात खडे भरून डमरू वाजवायला सुरुवात केली होती. "आओ भैया आओ, रश्मि का कौतुक देखो!"

मंगळवारी रश्मि आली नाही. बुधवारीही नाही. त्या आठवड्याअखेर प्रकल्पाचं सादरीकरण होतं. ते चुकलं की वर्ष गेलं. मी फोन केला. ती एवढंच म्हणाली, "मैडम ने ही हमारा तमाशा बना दिया, तो अब किससे कहें? चाचा ने यहीं एक स्कूल में बात कर ली है। हम वहीं पढ़ाएँगे।" आणि फोन ठेवला.

मी बाईंना सांगितलं. "तमाशा? मी केला?" त्या म्हणाल्या. विंड टनेल चालवणारे दुबेजी तिथेच होते. संकोचून म्हणाले, "मैडम, बुरा न मानिए, कौतुक तो मदारी करता है। या बंदर।"

बाई खुर्चीत बसल्या. जन्म झाशीत, नोकरी झाशीत, हिंदी दुबेजींना शिकवतील अशी. पण हा शब्द त्यांच्या घरात फक्त मराठीतच बोलला गेला होता; उंबऱ्याबाहेर काढायची कधी वेळच आली नव्हती. मग त्या उठल्या आणि झोळी खांद्याला लावली.

"कुठे?" मी विचारलं.

"चिरगाँवला."

"बाई, फोन करून समजावून सांगा ना."

"तो शब्द नुसता सांगून कळायचा असता तर फळ्यावरही कळला असता. चल, बस कुठून सुटते ते तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. बसस्थानक, फलाट, सावलीची बाजू, सगळं. कानपूर रस्त्यावर बाई सबंध वाटभर पेन्सिल चावत होत्या.

रश्मिचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दारात तिची आई गहू पाखडत होती. आम्ही कोण हे कळताच तिनं सूप खाली ठेवलं, पण बसा म्हणाली नाही. "हमाई मोड़ी को तमासो बना दओ," ती म्हणाली. मोड़ी म्हणजे बुंदेलीत मुलगी. "अब का लैबे आईं?" आता काय न्यायला आलात, असं विचारत होती.

बाई पुढे झाल्या. उंबरा उंच होता, म्हणून मी सवयीनं ओरडले, "बाई, जपून!"

"काय?" रश्मिची आई गर्रकन माझ्याकडे वळली.

क्षणभर कोणालाच कळेना. मग आतून रश्मिचा आवाज आला, "तुमसे नईं कै रईं, बाई! मैडम से कै रईं।" तिच्या घरी आईला 'बाई' म्हणतात. आणि बुंदेलीतही 'काय' म्हणजे आपलं कायच. रश्मिची आई आमच्या बाईंकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जे तुमाई बाई आंय?" मी म्हटलं, "जी, हमारे यहाँ पढ़ाने वाली को बाई कहते हैं।" ती हसली नाही, पण बाज ओढून पुढे केली.

बाई बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "कौतुक मैंने लिखा। वह हमारी मराठी का शब्द है। आपके यहाँ मतलब दूसरा है, यह मुझे मालूम होना चाहिए था। मेरी ग़लती।"

"तो मराठी में का कात?" मराठीत ते कशाला म्हणतात, असं आईनं विचारलं.

बाई शब्द शोधू लागल्या. "प्रशंसा... नहीं। बधाई... नहीं, वह तो जीतने वाले को देते हैं।" हवा शिकवणाऱ्या बाईंना मी पहिल्यांदाच अडलेलं पाहिलं. मग त्यांनीच विचारलं, "रश्मि छोटी थी, पहली बार चली होगी। दो कदम चली, फिर धम्म से गिरी। तब आपने क्या किया?"

"का करते? हँसे। उठा लओ। फिर पूरे मुहल्ले को बुलाकें कई, देखो, हमाई मोड़ी चलन लगी।"

"गिरी थी, यह नहीं बताया?"

"काय बताते? गिरत तो सब हैं।"

"बस," बाई म्हणाल्या, "इसी को हम कौतुक कहते हैं।"

रश्मि आतल्या दारात येऊन उभी होती. डोळे सुजलेले. तिथूनच म्हणाली, "तो शाबाश ही लिख देतीं, मैडम।"

"शाबाश तो मैं दुबे जी को पंखा साफ़ करने पर भी देती हूँ।"

तिला हसू आलं आणि ते लपवायला ती आत गेली. बाहेर आली ती मोडलेला पंख घेऊन. तो तिनं पोत्यात टाकला नव्हता, खाटेखाली ठेवला होता. "पंख की नोक पर हवा पहले छूट गई थी न, मैडम? मोड़ लेते समय?" बाईंनी पंखाला हात लावला नाही. "यह शुक्रवार को सबको बताना। मैं पीछे बैठूँगी।" तेवढ्यात आईनं मोठमोठे पेले भरून मट्ठा आणला, आणि तो संपेपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही.

शुक्रवारी रश्मि नेहमीच्या बसनं आली. विमान का पडलं हे तिनं इतकं स्वच्छ सांगितलं, की डमरूवाला पोरगाही वहीत उतरवून घेत होता. फळ्यावर दुरुस्ती लागली: "कौतुक (मराठी): मोड़ी गिरे, तब भी मुहल्ले को बुलाकर दिखाना कि चली थी।" पुढे तो शब्द विभागात रुळलाच. पोरं बाईंना अडवून विचारायची, "मैडम, हमारा कौतुक कब?"

यंदा बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या सोमवारी फळा त्यांच्यासाठीच ठेवायचा असं ठरलं. मी माझ्या पद्धतीनं नीट यादी केली: शोधनिबंध, पदकं, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, समित्या. सुबक छापून मधोमध लावली. लावल्यावर लक्षात आलं, की त्यातलं जवळजवळ सगळं 'मिळालं' होतं. तोवर रश्मि आली होती. ती आता शेतावर औषध फवारणाऱ्या ड्रोनचे पंख बनवते. रजा घेऊन आली होती. तिनं यादीशेजारी तळहाताएवढी चिठ्ठी टाचली: "अभ्यंकर मैडम बस में बैठकर चिरगाँव आईं।"

बाई आल्या. यादीवरून त्यांची नजर भराभर गेली. चिठ्ठीपाशी थांबली. मग त्यांनी दातांतली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, "और मट्ठा पीकर गईं।"

"दो गिलास, मैडम," रश्मि मागून म्हणाली.

बाईंनी तेवढी दुरुस्ती केली. पेपरमिंटची डबी माझ्या हातात दिली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वैशाली, पोरीनं बातमी चांगली लिहिली. पुढच्या सोमवारी तिला शाबाश दे."

"नुसतं शाबाश?"

"कौतुक लिही, पण नीट बघून. फिरून बस पकडायचं बरीक माझं वय नाही."