भाईसाहेबांचा सिनेमा आणि ताईचा एक प्रश्न

पुण्याहून चेन्नईला लोक साड्या घ्यायला जातात, नाहीतर पुढे रामेश्वर गाठायला. मी गेले एका माहितीपटाला. आणि तोही कुणावर? आमच्या सुलूताईची उमेदीची वर्षं गिळून वर ढेकरही न देणाऱ्या भाईसाहेबांवर!

भाईसाहेब म्हणजे डोंगरावरच्या एका आश्रमातल्या गुरुजींचा उजवा हात. कोण कुणाला भेटणार, कुणाचा निरोप कुणाला द्यायचा, सगळं त्यांच्या मुठीत. ताई तिथे साधिका होती. आमची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी रोज आश्रमात फोन करायची, आणि रोज पलीकडून तेच, "निरोप पोचेल." ताईला कळलं ते आईचं तेरावं उरकल्यावर. पुढे गुरुजी आणि भाईसाहेबांचं फाटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, साहेब परदेशी पळाले. आता एका गोऱ्या दिग्दर्शकाला त्यांचा पुळका आलाय. चेन्नईत खेळ, आणि खेळानंतर साहेब जातीने प्रश्नांना उत्तरं देणार!

आश्रम सोडल्यापासून ताई चेन्नईतच शाळेत हिंदी शिकवते. तिचा फोन आला. "मला त्याला एकच विचारायचंय. निरोप का दिला नाहीस? तू सोबत ये." मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

जाणार असाल तर डिसेंबरात जा, घाम जरा कमी येतो. पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चेन्नई सेंट्रल. गुंटकल आलं की चहावाले गायब आणि कॉफीवाले हजर. ऑटोला मीटर असतो, पण तो शोभेचा. ताईच्या अण्णा नगरच्या घरापर्यंतचे दीडशे सांगितले, शंभरावर पटले. हिंदीत घासाघीस करू नका, हातवारे करा, भाव लवकर उतरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टी. नगरचा साडीबाजार. रेटारेटी अशी की आपण चालतच नाही, लोक आपल्याला पुढे नेतात. मी साड्या बघत होते आणि ताई शेजारी बसून प्रश्नाची तालीम करत होती. कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. "व्हाय डिडन्ट यू टेल मी?" ती एकदा इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या सेल्समनने घाबरून आणखी चार साड्या उलगडल्या. मग मला एक घ्यावीच लागली.

संध्याकाळी सिनेमासाठी एग्मोरला निघालो, ताईचे शेजारी रावकाका सोबत. हे तंजावरचे मराठी, रेल्वेतून निवृत्त, आणि तेही त्या आश्रमाचे जुने भक्त. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात काढल्यात, पण मराठी पणजोबांच्या काळातली. ऑटोत ते नुसते उसळत होते. "अय्यो, माझ्या मुलीचें लग्न मोडविलें त्यानें! आज चारचौघांत विचारतों. सोडणार नाहीं!"

हॉल वातानुकूलित, खाली गालिचा, आणि दाराबाहेर चपलांची ही रांग! आलेले बहुतेक जण जुने भक्त. जाब विचारायला आलेले. त्यांना कुणी चपला काढायला सांगितलं नव्हतं, पायांनीच परस्पर ठरवलं. वॉचमन डोकं खाजवत म्हणाला, "इदु कोविला?" हे काय देऊळ आहे का? अरे बाबा, देवळात निदान मूर्ती बोलत तरी नाही! रावकाकांनी काढल्या. ताईनेही काढल्या, तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी मात्र मुद्दाम टाच वाजवत आत गेले.

सिनेमा दीड तासाचा. भाईसाहेब समुद्राकडे बघताहेत. भाईसाहेब कुत्र्याला बिस्किट देताहेत. मागे व्हायोलिन रडतंय. गुरुजी लबाड, भक्त भाबडे, आणि बिचारे भाईसाहेब तेवढे हळवे! माझ्या शेजारच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. मला चीड आली.

मग साहेब प्रकटले, लिननचा कुर्ता घालून. अख्खा हॉल उभा! सगळ्यांत आधी रावकाका, हात जोडून. माईक मिळाला तेव्हा त्यांनी हिंदीत काय विचारावं? "आपली प्रकृती बरी आहे ना?" साहेब म्हणाले, बरी आहे. काका धन्य होऊन खाली बसले. वा रे वा, जाब विचारणारे!

मग ताई उठली. अनवाणी, ताठ. तिने सरळ विचारलं. माझी आई जात होती, बहीण रोज फोन करत होती, मला का सांगितलं नाहीत?

साहेबांनी डोळे मिटले. "दीदी, मीही तेव्हा कैदीच होतो. तुमचं दुःख मी स्वीकारतो." टाळ्या पडल्या.

"टाळ्या नकोत," ताई म्हणाली. "का नाही सांगितलंत?"

साहेब जरा गोंधळले. खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाले, "माफ करा, मला असं काही आठवत नाही."

ताई मधूनच निघाली. आम्ही दोघं मागोमाग. बाहेर बघतो तर तिच्या चपला गायब, आमच्याही आधी घाईत कुणीतरी घालून गेलेलं. रावकाका समजूत घालायला लागले, "जाऊं द्या बाई, चप्पल गेली कीं पीडा गेली."

"पीडा आत एसीत बसलीय, काका," ताई म्हणाली.

स्टेशनसमोर फिल्टर कॉफी घेतली. उत्तम होती, एग्मोरला गेलात तर चुकवू नका. पेला हातात धरून ताई म्हणाली, "मी इतकी वर्षं धरून चालले होते की काहीतरी कारण असेल. कडक, क्रूर, पण कारण. कारणसुद्धा नव्हतं गं." मी उठले. तिच्यासाठी रस्त्यावरून रबरी स्लिपर आणल्या.

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. साडीला फॉल लागलाय, खर्च आवाक्यात राहिला, भाईसाहेबांना म्हणे आणखी दोन शहरांत बोलावणं आहे. जाऊ देत, टाळ्या वाजवायला माणसं कमी नाहीत.

काल दुपारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग तिने विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आश्रमात असं विचारणं म्हणजे मोह, आणि बाहेर आल्यावर तिचा धीर झाला नव्हता.

"आई शेवटी काय म्हणत होती गं?"

"शेवटी ती माणसं ओळखत नव्हती. मलाच सुलू म्हणायची."

"मग?"

"मग काय! मी ओ देत होते."