तिचा आवाज माझ्या बोटाखाली

आमच्या क्लबात एक नियम होता: आपला आवाज आपण सांभाळायचा नाही. एक बँड वाजवत असला की आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर दुसऱ्या बँडचा माणूस बसणार. काका म्हणायचे, "दुसऱ्याचं ऐकल्याबिगर तुमच्या डोक्यातली हवा जात नाही बे."

काका म्हणजे क्लबचे मालक. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेले. नागपूरच्या प्रताप नगरातल्या आपल्या घराचा वरचा हॉल त्यांनी आमच्यासारख्या पोट्ट्यांसाठी दर रविवारी दुपारी मोकळा ठेवला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात एक राक्षसी, घरघरणारा कूलर. गाणं सुरू झालं की कूलर बंद. मे महिन्यातही बंद! तरी लोक घामाने निथळत बसून राहायचे. अट एकच, गाणं स्वतःचं पाहिजे.

आमचा बँड तिथला जुना. मी गायचो आणि गिटार वाजवायचो. बाबा वीज केंद्रात, त्यामुळे माझं सगळं बालपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं. पण गायचो इंग्रजीत, आणि तेही तोंड असं वाकडं करून की जशी माझी नाळ लंडनलाच पुरली आहे. चार वर्षं हेच चाललं. लोक सभ्यपणे टाळ्या वाजवायचे, पण आमची एक ओळ कोणी जिना उतरताना गुणगुणली असेल तर शपथ. मला ते कळत होतं. मी मात्र दोष नागपूरच्या लोकांना द्यायचो, यांना काय समजते म्हणून.

मग ती आली. पारशिवनीची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सोबत बेस आणि ड्रम वाजवणारे दोन मित्र. सकाळच्या बसने यायची, सहाच्या बसने परत जायची. मला दादा म्हणायची, गिटारवरची माझी बोटं निरखून बघायची. घरच्यांनी तिला कॉलेज संपेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गाण्याचं काही झालं तर ठीक, नाही तर गिटार माळ्यावर. हे तिनेच एकदा आलूबोंडा खाता खाता मला हसत सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका महोत्सवासाठी बँड निवडायला एक जण आला. नागपुरातून एकच बँड घेणार होता. आधी आम्ही वाजवलं. बरं झालं, नेहमीसारखं. पुढे ती होती, आणि मिक्सरवर पाळी माझी होती.

मिक्सरवर प्रत्येक माइकची एक खुंटी असते, तिला आम्ही फेडर म्हणतो. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. तिचा फेडर मी नीट लावला. अगदी प्रामाणिकपणे लावला. ती गायला लागली. लग्नघरी सगळे तिच्या आईला गाठून पोरीचं काय ठरलं म्हणून विचारतात, त्याचं गाणं होतं. आपल्या बोलीत. ध्रुवपद आलं, "माय वं, सांग त्यांले, पोट्टी बिझी हाय!" आणि हॉल फुटला. लोक हसले. दुसऱ्या वेळी ते ध्रुवपद हॉलनेच म्हटलं. पुण्याच्या पाहुण्याने हातातला मोबाइल खिशात टाकला आणि तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

खोटं कशाला सांगू, जळलो मी. चार वर्षं मी घसा फोडतो आहे आणि ही कालची पोट्टी दोन मिनिटांत हॉल घेऊन जाते? माझं बोट फेडरवरच होतं. मी तो खाली ओढला. जरासाच. मग अजून जरासा. गिटारचा वर केला. कोणाला कळलंही नाही, कारण मी हळूहळू केलं. ते काम मला चांगलं येतं.

तिलाही कळलं नाही. स्टेजवर गाणाऱ्याकडे तोंड केलेला एक वेगळा स्पीकर असतो, त्यातून तिला तिचा आवाज छान ऐकू येत होता. ती तिकडे आनंदात गात होती आणि इकडे तिचे शब्द गिटारखाली बुडत होते. लोकांनी आधी कान टवकारले, मग ते खुर्चीत मागे रेलले. पाहुण्याने मोबाइल परत काढला.

जाताना तो म्हणाला, "मुलगी चांगली आहे, पण आवाज पोहोचत नाही." निवड आमची झाली. पुण्याला भर दुपारी आम्ही जेमतेम वीस लोकांपुढे वाजवलं आणि त्यांतलेही निम्मे सावली शोधत आले होते. माझी जिरली ते बरंच झालं.

इथवरही एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. एका क्षणापुरती नियत फिरली म्हणून. पण काका प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिक्सरवरून करून ठेवायचे आणि ज्याचं त्याला द्यायचे. तिलाही दिलं. पुढच्या रविवारी तिने मला जिन्यात गाठलं. इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, एक तिच्या.

"ऐका ना दादा. दुसऱ्या कडव्यापासून माझा आवाज खचून राहिला. मले तर गाताना समजलंच नाही. काहून होते असं?"

मी ऐकलं. माझं बोट मला स्पष्ट ऐकू आलं. सांगायची तीच वेळ होती. आणि मी काय केलं? मी गुरुजी झालो.

"श्वास कमी पडते तुझा," मी म्हणालो. "उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेव आणि श्वास घे. वर्षभर कर. तोवर स्टेजवर गाऊ नको, गळा बसन."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

काकांनीही रेकॉर्डिंग ऐकलं असणार. मिक्सरच्या पाळीतून माझं नाव गेलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तिने खरंच वर्षभर केलं. पहाटे गच्चीवर, पोटावर पुस्तक ठेवून. चूक माझीच आहे, सुधारते, असं घरी सांगितलं आणि आईने भांडून तिला अजून एक वर्ष मिळवून दिलं. त्या वर्षात ती एकदाही स्टेजवर गेली नाही. रविवारी यायची, मागे बसायची, दुसऱ्यांच्या केबल गुंडाळून द्यायची. मला भेटली की तीच सांगायची, "चालू आहे जी दादा."

यंदाच्या मेमध्ये ती परत उभी राहिली. काका माझ्याजवळ आले. "मिक्सरवर ती तुलेच मागून राहिली." मग म्हणाले, "बसशील नीट?"

बसलो. फेडर लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कूलर बंद झाला. गाण्याआधी ती माइकवर म्हणाली, "माझा आवाज पोहोचत नव्हता. ज्या दादांनी मले श्वास घ्याले शिकवलं, ते तिथं बसले हायेत." सगळे वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. काका सोडून.

मग ती गायली. आणि तिचा आवाज मागच्या उन्हाळ्यात होता तसाच होता. तेवढाच मोठा, तेवढाच मोकळा. हॉल तिच्याबरोबर पुन्हा गायला लागला.

संपल्यावर ती घामाने चिंब, खांद्यावर गिटार, बस गाठायच्या घाईत माझ्याकडे आली. "दादा, आता पोहोचला ना आवाज?"

पहिल्या वेळीही पोहोचत होता वं, मीच खाली ओढला. हे वाक्य वर्षभर माझ्या तोंडात तयार होतं. मागे काका केबल गुंडाळत होते, त्यांचे हात थांबले.

"हो," मी म्हणालो. "आता पोहोचला."

ती वाकली आणि माझ्या पाया पडली. पाय मागे घेता आले असते. नाही घेतले.