नांग तेरिंगच्या दोन बाटल्या

एस्तेर काबाहुग सतरा वर्षं एकाच फॅक्टरीत एकाच टेबलाशी उभी होती, आणि सतरा वर्षं ती तिथे नवीच होती. हसू नका. सहा महिने पुरे भरले की माणूस कायम होतो असा कायदा आहे, म्हणून पाच महिने झाले की कंत्राट संपतं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा छातीचा एक्सरे, पुन्हा लघवीची बाटली. शुक्रवारी गेटवर यादी लागते. नाव असलं तर सोमवारी त्याच टेबलाशी, त्याच सुरीने, नवी कामगार म्हणून उभं राहायचं. नसलं तर का नाही हे कोणी सांगत नाही, आणि विचारायची कोणाची छातीही होत नाही.

फिलिपिन्समधल्या जेनसान शहरात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही फॅक्टरी. उकडलेला ट्यूना मासा टेबलावर येतो. बायकांनी त्याची कातडी सोलायची, काळं मांस खरवडून मांजरांच्या खाण्याच्या डब्यांसाठी बाजूला टाकायचं आणि पांढरं मांस ट्रेमध्ये भरायचं. ट्रेचं वजन होतं. हाताचा वास कालामान्सी लिंबं चोळून चोळूनही जात नाही. भाड्याच्या जीपनीत शेजारी बसलेली बाई नाकाला रुमाल लावते, लावू दे.

एस्तेरला सगळे नांग तेरिंग म्हणत. नांग म्हणजे थोरली बहीण. आठ क्रमांकाच्या टेबलावर तिचा एक कायदा होता. नव्या पोरीचा हात बसेपर्यंत दोन आठवडे तिच्या ट्रेमध्ये बाकीच्यांनी आपापली मूठमूठ टाकायची, म्हणजे वजन कमी भरून तिला कोणी घालवणार नाही. कोणी कुरकुर केली की नांग सुरी खाली ठेवून म्हणायची, "तू आईच्या पोटातून सुरी घेऊन आली होतीस काय गं?" की ती बाई मूठ टाकायची.

अशी दणकट बाई, पण कंत्राट संपायचा आठवडा आला की ती रात्री उठून दिवस मोजत बसायची. वय एकोणपन्नास. फॅक्टरीला कामगार पुरवणाऱ्या एजन्सीला हव्यात वीस-बावीसच्या पोरी. हिचा हात सगळ्यांत जलद म्हणून हिला ठेवत, एवढंच. एकदा यादीतून नाव गेलं की या शहरात तिला दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या खेपेला जेसामी तिच्याकडे आली. वीस वर्षांची, ग्लान गावची पोर. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेलेला, परत कधी येईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. गावाकडे आई आणि दोन लहान भावंडं हिच्याच जिवावर. हात धुवायच्या नळाशी तिने नांगचा पदर धरावा तसा एप्रन धरला.

"नांग, मला तिसरा महिना आहे."

नांगच्या हातातलं लिंबू खाली पडलं. पोटुशा बाईला कामावरून काढू नये असंही कायद्यात आहे म्हणे. काढत नाहीतच कुणाला. लघवीच्या बाटलीत पोट कळलं की फक्त यादीत नाव येत नाही.

"रडू नकोस, भवाने. रडलीस तर सगळ्यांना कळेल," नांग कुजबुजली. "माझी बाटली तुझ्या नावाने देऊ. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली. नदीचं पाणी तरी गढूळ असेल, माझ्याकडचं निवळशंख."

"पकडलं तर?"

"दोन वर्षांमागे त्या बेबिंगला दिली होती. पकडलं?"

पलीकडच्या नळावरून बेबिंग म्हणाली, "नाही बाई. नांगच्या कृपेने माझा पोरगा आता चालतोसुद्धा." तिघी हसल्या, पण जेसामीचे ओठ कोरडेच होते.

बुधवारी फॅक्टरीच्या दवाखान्यात तपासणी झाली. संडासाच्या बाहेर पहारेकरीण बसलेली, पण आत काय होतं ते तिला दिसत नव्हतं. नांगने सकाळपासून तांब्यावर तांबे पाणी ढोसलं होतं. तिने दोन्ही बाटल्या भरल्या, भिंतीच्या फटीतून एक जेसामीकडे सरकवली. आपापल्या नावाची चिकटपट्टी लावून दोघींनी बाटल्या दिल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. जेसामी नखं खात होती. नांगने तिच्या हातावर चापट मारली.

अर्ध्या तासाने दवाखान्याचं दार किलकिलं झालं.

"काबाहुग. आणि जेसामी, तू पण. दोघी आत."

दोघींना एकदम कधीच कोणी बोलावत नाही. नांग जेसामीला पुढे घालून आत शिरली.

नर्स मॅम ग्लायडेल तिशीची होती. तिने दार लावून कडी घातली. टेबलावर दोन बाटल्या, त्यांच्यापुढे रंग बदलणाऱ्या दोन पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांवर एक चौकोन सारखाच गडद तपकिरी झाला होता.

"नांग, साखर आहे. पुष्कळ," मॅम हळू आवाजात म्हणाली. "दोन बाटल्या, दोन नावं, आणि बाई एकच. मला वेडी समजलात का?"

नांगला आधी कळेचना. साखर? मग एकेक आठवायला लागलं. रात्रंदिवस लागणारी तहान. घरच्या मोरीत लघवीच्या जागी लागणारी मुंग्यांची रांग. सुरीने कापलेलं बोट दीड महिना झाला तरी ओलं. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि ती म्हणत राहिली होती, वय झालं, दुसरं काय. निवळशंख म्हणे! स्वतःची अक्कल गहाण टाकली होती, आणि त्यात या पोरीलाही बुडवलं होतं.

"पोरीचा दोष नाही, मॅम. सगळं माझं."

"दोष कोणाचा हे वर विचारत नाहीत. फसवणूक म्हणून लिहिलं तर शहरातल्या कुठल्याच एजन्सीत दोघींना उभं करणार नाहीत. आहे तसं लिहिलं तर दोघी आजारी म्हणून बाहेर." मॅमने कपाळ दाबलं. "बाटली फुटली असं लिहून मी पुन्हा घेऊ शकते. पण आज सकाळपासून दोन फुटल्यात."

"दोन?"

"तुम्हाला काय वाटतं, आठ नंबरच्या टेबलालाच काळीज आहे? तीन फुटल्या तर म्हणतील नर्स धांदरट आहे. चार फुटल्या तर मला हाकलतील. मी पण एजन्सीचीच आहे, नांग. माझेही पाच महिने याच महिन्यात संपतात." तिने दोघींकडे पाहिलं. "एकच फोडता येईल. कोणाची?"

नांगला घाम सुटला. जेसामी तिच्याकडे बघत राहिली. बोल की गं, नांगच्या मनात आलं, एकदा तरी म्हण की नांगला वाचवा, मी तरुण आहे, मला कुठेतरी मिळेल! पण पोर गप्पच. नांगला तिचा असा राग आला की थोबाडीत द्यावीशी वाटली. तिला सतरा वर्षांचे सगळे शुक्रवार आठवले. आपली खोली आठवली, जिथे वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि एक महिनाही फुकट राहू देणारं कोणी नव्हतं. तिचे ओठ उघडले.

"पोरीची," ती म्हणाली.

मॅमने जेसामीच्या नावाची बाटली बेसिनमध्ये टाकली. काच फुटल्याच्या आवाजाने तिघी दचकल्या.

"आता माझ्या नावावर दुसरी कोणाची द्यायची?" जेसामीने रडवेल्या आवाजात विचारलं.

मॅमने एक रिकामी बाटली उचलली, मागच्या संडासात गेली आणि भरून आली. "ही माझी. कुठे बोललात तर मी मेले." तिने पट्टी बुडवली. मग तिघी त्या पट्टीकडे पाहत राहिल्या, आणि सगळ्यांत जास्त भ्यायलेली मॅमच होती, कारण तिनेही स्वतःची कधी तपासली नव्हती. मिनिट संपता संपत नव्हतं. पट्टीचा रंग फिकाच राहिला. मॅम मटकन खुर्चीत बसली.

निघताना तिने नांगच्या हातात सरकारी आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली. "गोळ्या फुकट मिळतात. उद्याच जा. त्या बोटाकडेही बघा, नाहीतर बोट जाईल."

नांग दुसऱ्या दिवशी गेली नाही. केंद्रात आणखी काय सांगतील याचीच धास्ती वाटली.

शुक्रवारी ती गेटवर मात्र गेली. आपलं नाव नाही हे ठाऊक असून गेली, आणि तरी यादी वरून खाली दोनदा वाचली. चूक होऊ शकते ना, माणसंच टाइप करतात. जेसामीचं नाव होतं. काबाहुग नव्हतं. पहारेकऱ्याने मान वळवून तिचं ओळखपत्र मागितलं, तिने गळ्यातून काढून दिलं.

जेसामी गर्दीतून वाट काढत आली. डोळे सुजलेले.

"नांग, त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवं होतं."

"काय बोलणार होतीस? पोटात पोर आहे तुझ्या." नांगला पुढचं सांगायचं नव्हतं, पण मनात ठेवून घरी जाणंही जमेना. "आणि मला फार मोठी समजू नकोस. मी तोंड उघडलं ना, ते माझंच नाव घ्यायला उघडलं होतं. कसं काय तुझं बाहेर पडलं, देव जाणे."

"मला माहीत आहे," जेसामी म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते."

भोंगा झाला. बायका आत जायला लागल्या.

"मग जा," नांग म्हणाली. "आणि सोमवारपासून ब्लाउज ढगळ घाल, दिसायला लागेल आता."