सरांचं बर्फाचं चित्र

मला कुणी काही जपायला देऊ नये, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खरंय ते. वस्तू परत जाईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. तरी मागच्या हिवाळ्यात नांदेडला जाऊन मी सरांचं जपानी चित्र मागून आणलंच. हौस ना!

सर म्हणजे माझे शाळेतले चित्रकलेचे सर. मी आता लातूरच्या एका शाळेत तोच विषय शिकवते. चित्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं. तळ्याकाठचं देऊळ, उतरत्या छपरावर बर्फ, छत्री धरून निघालेली एकटी बाई. प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरायचा आणि एकाच कागदावर एकामागून एक हातानं दाबून उमटवायचा, असं ते काम. सरांनी ते तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारात घेतलेलं. पुढं शुगरनं त्यांचे डोळे पार गेले, तरी चित्र पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेलं असायचं.

"पोरांना दाखव, पण जपून हां," सर म्हणाले. "आता माझ्याकडं हे एवढंच हाय."

आणि मी जपलं कसं? अहमदपूरला बस भरली, कुणीतरी वरच्या फळीवर हरभऱ्याचं पोतं टाकलं, ते नेमकं चित्र ठेवलेल्या माझ्या फाइलवर. घरी येऊन उघडते तर तळ्यावरून आडवी घडी! जेवण गेलं नाही. दोन दिवस त्यावर जाड पुस्तकं ठेवून पाहिली, घडी काही हटेना. शेवटी चित्रावर सुती कपडा टाकला आणि जरीच्या साडीवर फिरवतात तशी कोमट इस्त्री दाबून फिरवली. घडी गेली. रंग जिथल्या तिथं. मी तर स्वतःवरच लई खूश झाले. कुणाला विचारायची अक्कल सुचली नाही.

वर्गात दाखवून झालं. परत नेताना मात्र दोन पुठ्ठ्यांत घालून चित्र मांडीवरच धरलं. हात घामेजले की ओढणीला पुसायचे, पुन्हा धरायचं. कागद पिवळा तर पडला नसेल? लोह्यापर्यंत तीनदा उघडून पाहिलं. सरांना कुठं दिसतंय, असंही मनात आलं. माझी मलाच शरम वाटली. पण खरं सांगते, त्या विचारानं धीरही आला. इस्त्रीचं बोलायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

सर वाटच बघत होते. चित्र हातात घेतलं आणि बोटं सरळ देवळाच्या छपरावर नेली. इकडून तिकडं फिरवली, मग पुन्हा. त्यांचा चेहरा उतरला.

"हे माझं चित्र न्हाई."

"तेच आहे सर."

"अगं, जरा बघ तर," त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, वाकून बघितलं. "तेच की हो. देऊळ हाय, छत्रीवाली बाई हाय."

"मग बर्फ कुठं गेला?" सरांचा आवाज चढला. "बर्फाला शाई नसते. कोरा ठसा दाबून नुसता कागद उठवलेला असतो. बोटाला लागतो तो. कुणाकडून बदलून आणलंस?"

बदलून! आता गप्प बसले असते तर चोर ठरले असते.

"सर, बसमध्ये घडी पडली होती. मी इस्त्री फिरवली."

सरांनी छपरावरून एकदा सावकाश बोट फिरवलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"ने मग. तुझ्या पोरांना होईल," ते म्हणाले. रागही नव्हता आवाजात. "मला त्यातलं तेवढंच दिसत होतं."

मी चित्र घेऊन लातूरला परत आले.