समोरच्यांचं पोतं

चऱ्होलीत आमच्या समोर राहणाऱ्या गृहस्थांचा मला भारी हेवा वाटतो. कारण इतकंच, की ते रोज सकाळी आपल्या दारातला पालापाचोळा पोत्यात भरतात. पावसाळी गटाराच्या जाळीकडे एखादं पान सरकलं, तरी खराटा टाकून वाकतात आणि ते हातानं उचलतात.

"ह्या जाळीखाली आमचा जुना ओढा हाय, सर. हितं टाकलं की थेट इंद्रायणीत."

हे ऐकलं की बायको माझ्याकडे अशी बघते, जणू नदी मी एकट्यानंच घाण केली.

मागच्या रविवारी मी त्यांच्यावर मात करायचं ठरवलं. लॉन कापलं, पाण्याची नळी लावली आणि सगळं गवत जाळीतून आत ढकललं. दहा मिनिटांत अंगण चकाचक! बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

संध्याकाळी पाऊस कोसळला आणि गल्ली तुंबली. पाणी नेमकं त्यांच्याच पायरीला लागलं. जाळी उचलून, खांद्यापर्यंत हात घालून ते गवताचे बोळे उपसू लागले.

"कुणी टाकलं हो हे?" जमलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

गल्लीत लॉन फक्त माझ्याकडे. त्यांनी हातातल्या गवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाऱ्यानं आलं आसंल, राव. सर, पोतं धरा जरा."

मी पोतं धरलं. दिवसभरात वाऱ्याची झुळूकही नव्हती. तेवढ्यात बायको छत्री घेऊन आली. तिनं पोत्यात डोकावून पाहिलं, गवत ओळखलं आणि छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.